उसने बूट

माझं काम बोटीवर.
हीउमा बेटावरून पलीकडच्या किनाऱ्याला दिवसाला सहा खेपा,
गाड्यांच्या चाकांना पाचरी लावायच्या
आणि गुडघे सैल ठेवायचे.
डेक कलला की आपणही कलायचं,
ताठ राहील तो आपटेल.
एकोणीस वर्षं पाय हेच शिकले.

शनिवारी शाळेच्या तळघरात
हेल्डुर म्हणायचा,
"माइवे, बोट बाहेर ठेवून ये."

दहा मीटरवर काळा ठिपका,
त्याच्या पोटात दहाचं वर्तुळ, शर्टाच्या बटणाएवढं.
एक हात लांब, दुसरा खिशात.
नेम थरथरला की मी हाताला बोल लावायचे.
हेल्डुर मात्र वाकून माझे पाय बघायचा,
घोडा विकत घ्यायला आल्यासारखा.

धावायचे बूट आधी गेले.
टाचेखाली हवेची उशी, जाहिरातीत ढगावर पळणारी पोरगी;
ढगावर उभं राहून नेम कोण धरतं?
मग नवऱ्याचे, जंगलात घालायचे.
घोट्याच्या वर जातात, नियमात बसत नाहीत.
मग नाच शिकवणाऱ्या बाईंचे, पातळ चामड्याचे,
पण टाच दोन बोटं उंच
आणि मी सगळी चवड्यांवर सांडलेली.
कापडी टेनिसबूट त्यातल्या त्यात बरे. सपाट.
फरशीचा गारवा कळायचा त्यांतून,
वाळूचा एखादा खडासुद्धा.
तरी ठिपका श्वास घेतच होता.

नोव्हेंबरात हेल्डुरने त्यांच्या आत
बर्चचं प्लायवुड कापून चिकटवलं, पावलाच्या मापाचं.
काय सांगू! खुंट ठोकावा तशी उभी राहिले.
सहाशेपैकी पाचशे एकावन्न.
त्या रात्री तो घरी शीळ घालत गेला.

पाइदेला, जानेवारीच्या सामन्यात,
तपासणीच्या टेबलावरच्या बाईंनी बूट उचलला,
दोन्ही हातांनी मुडपला.
मुडपेना.
यंत्रात घातला. यंत्रही नाही म्हणालं.
"सोल वाकायला हवा," त्या म्हणाल्या.
"स्थिर उभं राहायचं ते तुम्ही. बुटाने नाही."
हेल्डुर छताचे दिवे मोजू लागला.

वीस मिनिटं उरलेली. दाराशी ओल्या बुटांच्या रांगेत
माझे बर्फातले, गुडघ्यापर्यंत लोकरीचे.
तेव्हा शेजारच्या लेनवरची झाइगा,
वाल्मिएराची, गेल्या वर्षी मला दोन गुणांनी हरवून
हात मिळवताना भलतीकडेच बघणारी,
पिशवीतून जुनी जोडी काढून माझ्यापुढे ठेवून गेली.
बोलली नाही.
आम्हाला एकमेकींची भाषा येत नाही.

अर्धा नंबर मोठे. दोन मोजे चढवले.
पाय घातला,
तर आत आधीच कोणीतरी उभं होतं.
उजव्या टाचेची बाहेरची कड झिजलेली,
डाव्या अंगठ्याखाली खळगा.
म्हणजे ती रेलते तर! कंबरेतून, जराशी,
दारात कोणाची तरी वाट बघणाऱ्या बाईसारखी.
मला वाटलं होतं दगडाची आहे.

तिच्या खळग्यात मी अंगठा ठेवला.
उसन्या अवसानावर लोक लढाया मारतात म्हणे;
मी उसन्या तळव्यांवर साठ छर्रे मारले.
पहिले दहा वाईटच.
मग सोल वाकतोय ते कळू लागलं,
गुडघे सोडले, बोटीवर सोडते तसे.
ठिपका हलला, मी हलले,
आणि मधेच कधीतरी दोघांनाही हलायचं सुचलं नाही,
तेवढ्यात चाप.

पाचशे चव्वेचाळीस. झाइगाचे पाचशे एकसष्ट.

बूट परत देताना आत कागदाचा बोळा भरला, ओल टिपायला,
आमच्या बेटाचं वर्तमानपत्र, शेवटचं पान.
तिने तो बाहेर काढला, मांडीवर सरळ केला,
मग उठली,
आणि तिला न कळणारं बोटीचं वेळापत्रक
वाचत राहिली उभ्या उभ्या,
उजव्या टाचेच्या कडेवर.